लिनक्स कर्नल आणि स्पेक्टर-मेल्टडाउन जातीच्या त्रुटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान लिनक्स कर्नलपुरतं आहे, त्यातही बहुतांश इंटेल आणि एएमडीच्या ६४ बिटी प्रोसेसरांपुरतं. एआरएमबद्दल शेवटाकडे एक प्रश्न आहे. आज्ञा, फाइलींची नावं आणि बूट पर्याय इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर अर्थातच ते रोमन लिपीत टाइप करायचे.

१. मेल्टडाउन, स्पेक्टर वगैरे हे व्हायरस आहेत का?

नाही. प्रोसेसर वेगासाठी एक जुगार खेळतो, त्याच्या या गैरफायद्याच्या वाटा आहेत. मेमरीतून एखादा आकडा यायला कधी कधी शेकडो चक्रं लागतात. तेवढा वेळ हात बांधून बसण्याऐवजी प्रोसेसर पुढच्या सूचना अंदाजाने चालवून ठेवतो. अंदाज बरोबर निघाला तर वेळ वाचला. चुकला तर रजिस्टरांमधले परिणाम पुसून टाकायचे आणि जणू काही झालंच नाही असं दाखवायचं.

गोम अशी की पुसलं जातं ते फक्त रजिस्टरांतलं. त्या फसलेल्या धावेत कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) जे ओढलं गेलं ते तिथेच राहतं. हल्लेखोर २५६ कॅश लाइनी आधी रिकाम्या करतो आणि अंदाजी धावेत चोरलेल्या बाइटच्या किमतीएवढ्या क्रमांकाची लाइन हात लावून 'गरम' करवून घेतो. मग एकेका लाइनला वाचायला किती वेळ लागतो ते मोजतो. जी झटकन आली, तिचा क्रमांक म्हणजेच गुपित बाइट. ३ जानेवारी २०१८ ला हे जाहीर झालं. ठरलेली तारीख खरं तर ९ जानेवारी होती, पण कर्नलमधल्या बदलांवरून लोकांना आधीच वास लागला होता (प्रश्न ६).

२. चूक प्रोसेसरची, मग कर्नलने का निस्तरायचं?

विकलेला प्रोसेसर परत बोलावून सिलिकॉन बदलता येत नाही, म्हणून. कर्नलच्या हातात तीन गोष्टी आहेत: गुपित मेमरी हल्लेखोराच्या नजरेआडच ठेवणं, प्रोसेसरचा अंदाज हल्लेखोराच्या मर्जीने चुकू न देणं आणि हद्द ओलांडताना मधले बफर रिकामे करणं. पुढचे जवळजवळ सगळे उपाय या तिन्हींपैकी कशात तरी बसतात.

३. माझ्या मशीनला काय लागू आहे ते कसं पाहायचं?

'/सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू/व्हल्नरेबिलिटीज' या फोल्डरमध्ये जा. प्रत्येक त्रुटीच्या नावाची एक फाइल आणि तीत एक ओळ असते. सगळ्या एकदम बघायच्या तर त्या फोल्डरवर 'ग्रेप' चालवा, किंवा नुसतं 'एलएससीपीयू' म्हणा, शेवटी तीच यादी छापली जाते. ही सोय ४.१५ कर्नलपासून आहे. इंटरनेटवरून उतरवलेली तपासणी स्क्रिप्ट रूट म्हणून चालवण्याआधी हे करा. सुरक्षा तपासायला म्हणून अनोळखी स्क्रिप्टला रूट देणारे बरेच भेटतात.

४. त्या ओळींचा अर्थ कसा लावायचा?

'नॉट अफेक्टेड' म्हणजे कर्नलच्या माहितीनुसार तुमच्या प्रोसेसरला ती त्रुटी नाही. 'मिटिगेशन' म्हणजे उपाय चालू आहे, कोलननंतर कुठला ते लिहिलेलं असतं. 'व्हल्नरेबल' म्हणजे उघडा. इथपर्यंत सोपं आहे. पुढच्या तिघांवरून सर्वांत जास्त विचारणा होते.

'क्लिअर सीपीयू बफर्स अटेम्प्टेड, नो मायक्रोकोड': कर्नल बफर पुसण्याची सूचना देतोय, पण ती सूचना प्रोसेसरला खरोखर पुसायला लावेल असा मायक्रोकोड दिसत नाही. ओळ 'व्हल्नरेबल'नेच सुरू होते आणि तीच खरी मानायची. उपाय प्रश्न ५ मध्ये आहे.

'एसएमटी व्हल्नरेबल': एसएमटी म्हणजे एका कोअरवर दोन धागे चालवणं, इंटेलच्या भाषेत हायपरथ्रेडिंग. एका धाग्यापुरता बंदोबस्त झाला, पण त्याच कोअरवरचा जुळा धागा अजून डोकावू शकतो. प्रश्न ११ पाहा.

'एसएमटी होस्ट स्टेट अननोन' किंवा 'डिपेंडंट ऑन हायपरव्हायझर स्टेटस': तुम्ही व्हर्च्युअल मशीनच्या आत आहात आणि बाहेर काय चाललंय ते कर्नलला दिसत नाही. प्रश्न १५.

५. मायक्रोकोड म्हणजे काय? त्यासाठी बायोस अपडेट करावाच लागतो का?

प्रोसेसरच्या आतल्या कारभाराचा दुरुस्त करता येणारा भाग म्हणजे मायक्रोकोड. तो दोन वाटांनी येतो: मदरबोर्ड कंपनीच्या बायोसमधून, किंवा ऑपरेटिंग सिस्टमने बूटच्या अगदी सुरुवातीला चढवून. दुसरी वाट बहुतेकांना पुरते. डेबियन-उबुंटूवर 'इंटेल-मायक्रोकोड' किंवा 'एएमडी६४-मायक्रोकोड' हे पॅकेज लागतं. डेबियन १२ मध्ये ती 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या विभागात आहेत. तो विभाग सुरू नसेल तर पॅकेज सापडणारच नाही, आणि 'अपडेट तर केलंय' म्हणून माणूस निर्धास्त राहतो.

दुरुस्ती चढली का हे '/प्रॉक/सीपीयूइन्फो' मधल्या 'मायक्रोकोड' या ओळीवरून कळतं. पॅकेज टाकण्याआधीचा आणि रीबूटनंतरचा आकडा ताडून पाहा. बदलला नसेल तर इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइलप्रणाली) पुन्हा बांधली गेली नाही, किंवा बायोसमध्येच तितकाच नवा मायक्रोकोड आधीपासून आहे. दुसरं असेल तर आनंदच आहे.

चालत्या मशीनवर मायक्रोकोड चढवू नका. नव्या कर्नलमध्ये ती वाट मुळातच बंद ठेवलेली असते. आणि मायक्रोकोडची घाई अंगाशी येऊ शकते याचं उदाहरण समोर आहे. जानेवारी २०१८ मध्ये इंटेलच्या पहिल्या दुरुस्तीने हॅसवेल आणि ब्रॉडवेल मशीन आपोआप रीबूट होऊ लागली, तेव्हा ती वाटू नका असं कंपनीलाच सांगावं लागलं.

६. केपीटीआय काय करतं? ते आलं कुठून?

मेल्टडाउनमध्ये युजर प्रोग्राम थेट कर्नलचा पत्ता वाचायला जातो. परवानगी नसल्यामुळे शेवटी फॉल्ट येतोच. पण जुन्या इंटेल प्रोसेसरांवर तो फॉल्ट उठेपर्यंतच्या क्षणात वाचलेला बाइट पुढच्या अंदाजी सूचनांना मिळून गेलेला असतो. हे शक्य होत होतं, कारण वेगासाठी कर्नलची संपूर्ण मेमरी प्रत्येक प्रोसेसच्या पेज टेबलात (मेमरीच्या पत्त्यांच्या नोंदवहीत) नोंदलेली असायची, फक्त 'युजरला मनाई' असा बिट लावून.

केपीटीआय (कर्नल पेज टेबल आयसोलेशन) ती नोंदच काढून टाकतं. प्रत्येक प्रोसेसला दोन पेज टेबलं मिळतात. कर्नलमध्ये असताना वापरायचं पूर्ण टेबल, आणि युजर कोड चालताना वापरायचं दुसरं. या दुसऱ्यात कर्नलचा फक्त उंबरठा असतो: सिस्टम कॉल आणि इंटरप्टची प्रवेशवाट, डिस्क्रिप्टर टेबलं, छोटे स्टॅक. ज्या पत्त्याची नोंदच नाही, तो अंदाजाने तरी कुठून वाचणार?

जवळून पाहिलं तर बांधणी देखणी आहे. दोन्ही टेबलांची सर्वांत वरची पानं मेमरीत शेजारी शेजारी ठेवतात, ४ किलोबाइटची दोन पानं, ८ किलोबाइटच्या हद्दीवर. त्यामुळे एका टेबलावरून दुसऱ्यावर जाताना कर्नलला पत्ता कुठे शोधावा लागत नाही. सीआर३ रजिस्टरमधला १२ क्रमांकाचा बिट उलटा केला की झालं. हा बिट प्रत्येक सिस्टम कॉलला दोनदा पलटतो, जाताना आणि येताना. दर पलटीला टीएलबी (पेज टेबलातल्या अलीकडच्या नोंदींचा वेगवान साठा) पूर्ण धुवून निघू नये म्हणून पीसीआयडी नावाची सोय वापरतात. टीएलबीतल्या नोंदी कुठल्या टेबलाच्या आहेत ते त्यामुळे कळतं. तिचा आधार ४.१४ कर्नलमध्ये, म्हणजे अगदी वेळेवर आला होता. पीसीआयडी नसलेल्या जुन्या प्रोसेसरांना केपीटीआय जास्त जड जातं.

मूळ कल्पना ऑस्ट्रियातल्या ग्राझ तांत्रिक विद्यापीठाची. तिथल्या गटाने २०१७ मध्ये 'कायझर' नावाने ती मांडली होती, तेव्हा हेतू होता कर्नल मेमरीत कुठे बसला आहे हे लपवण्याचा. ती ४.१५ मध्ये आली आणि जुन्या स्थिर आवृत्त्यांतही घाईने उतरवली गेली. एरवी मेमरी व्यवस्थेत एवढा बदल करायचा तर वर्षवर्ष वाद चालतो. हा आठवड्यांत आत गेला, तेव्हाच जाणत्यांच्या भुवया उंचावल्या. त्यात २०१७ च्या डिसेंबरअखेर एएमडीच्या अभियंत्याने 'आमच्या प्रोसेसरांना हे नको' असा पॅच पाठवला आणि कारणही स्पष्ट लिहिलं: आमचे प्रोसेसर मनाई असलेली मेमरी अंदाजानेही वाचत नाहीत. गुपित तिथेच अर्धं फुटलं.

कॅस्केड लेक आणि त्यानंतरच्या इंटेल सर्व्हर प्रोसेसरांत मेल्टडाउन हार्डवेअरमध्येच बुजवलं आहे. तिथे केपीटीआय आपोआप बंद राहतं, ते जबरदस्तीने चालू करू नका.

७. स्पेक्टर १ आणि स्पेक्टर २ मध्ये फरक काय?

पहिल्यात 'जर' फसतं. कर्नलमध्ये 'जर आय हा साइझपेक्षा लहान असेल तर अॅरेतला आयवा घटक घे' असा कोड आहे समजा. हल्लेखोर आधी अनेकदा योग्य आकडे पाठवून प्रोसेसरला 'ही अट नेहमी खरी असते' असं शिकवतो, मग एकदम भलामोठा आय पाठवतो. अट तपासून होण्याआधीच अंदाजी धाव अॅरेच्या बाहेरचं वाचून मोकळी. मेल्टडाउनपेक्षा हे वेगळं, कारण इथे वाचणारा कर्नल स्वतः आहे आणि त्याला सगळी परवानगी आहे. केपीटीआयचा इथे उपयोग नाही.

दुसऱ्यात उडीचं ठिकाण फसतं. फंक्शन पॉइंटरमधून होणारी उडी कुठे जाईल याचा अंदाज प्रोसेसर जुन्या उड्यांवरून बांधतो, आणि तो इतिहास हल्लेखोराला बिघडवता येतो. मग कर्नल अंदाजाने हल्लेखोराला हव्या त्या जागी उडी मारतो.

स्पेक्टर १ साठी एकच बटण नाही. जिथे जिथे धोका आहे तिथे हाताने दुरुस्ती करावी लागते (प्रश्न १८). म्हणून त्याची ओळ सगळीकडे साधारण सारखीच दिसते.

८. रेटपोलीन म्हणजे काय? नाव ऐकलंय, पण काम कळत नाही.

गूगलच्या पॉल टर्नर यांची ही युक्ती. तिच्यामुळे प्रोसेसरचा अंदाज चुकतोच, पण तो कर्नलने ठरवलेल्या जागी चुकतो.

रजिस्टरमधल्या पत्त्यावर थेट उडी मारायची, तर कंपायलर त्याजागी एक छोटा तुकडा घालतो. तुकडा आधी पुढच्याच एका लेबलला 'कॉल' करतो. कॉलमुळे परतीचा पत्ता दोन ठिकाणी लिहिला जातो: मेमरीतल्या स्टॅकवर, आणि प्रोसेसरच्या आतल्या परतीच्या पत्त्यांच्या छोट्या साठ्यात. या साठ्याला आरएसबी म्हणतात. आता तुकडा स्टॅकवरचा पत्ता खोडून तिथे खरं जायचं ठिकाण लिहितो आणि 'रिटर्न' करतो. रिटर्न कुठे जाईल याचा अंदाज प्रोसेसर आरएसबीवरून बांधतो. तिथे अजून जुनाच पत्ता आहे, आणि त्या जुन्या पत्त्यावर 'पॉझ, एलफेन्स, मागे उडी' असं गोल गोल फिरणारं वेटोळं ठेवलेलं आहे. अंदाजी धाव त्या वेटोळ्यात निरुपद्रवी फिरत राहते. स्टॅकवरचा खरा पत्ता हाती आला की प्रोसेसर चूक मान्य करून योग्य ठिकाणी जातो. हल्लेखोराने बिघडवलेला उड्यांचा इतिहास या सगळ्यात कुठेच वाचला जात नाही.

यासाठी कर्नल नव्या कंपायलरने बांधावा लागतो. तुमच्या वितरणाने ते कधीच केलेलं आहे, चिंता फक्त स्वतः कर्नल किंवा मॉड्यूल बांधणाऱ्यांनी करायची.

दुसरा मार्ग हार्डवेअरचा. उड्यांच्या अंदाजाला आवर घालणारा आयबीआरएस हा मूळ पर्याय कर्नलमध्ये दर वेळी शिरताना चालू करावा लागे आणि फार महाग पडे, रेटपोलीन लोकप्रिय झालं ते त्यामुळेच. नंतरच्या इंटेल प्रोसेसरांत 'एन्हान्स्ड आयबीआरएस' आलं, बूटच्या वेळी एकदा लावलं की कायम. झेन ४ पासून एएमडीकडे 'ऑटोमॅटिक आयबीआरएस' आहे. तुमच्या ओळीत ही नावं दिसत असतील आणि रेटपोलीन दिसत नसेल, तर घाबरू नका.

९. मग रेटब्लीड कशाला आलं?

कारण 'रिटर्न सुरक्षित आहे' हेच रेटपोलीनचं गृहीतक होतं. जुलै २०२२ मध्ये ईटीएच झुरिकच्या संशोधकांनी ते मोडलं. इंटेलच्या स्कायलेक पिढीत आरएसबी रिकामी झाली की प्रोसेसर पुन्हा त्याच बिघडवता येणाऱ्या इतिहासाकडे वळतो. एएमडीच्या झेन १, १+ आणि २ मध्ये तर रिटर्नचा अंदाज तसाही बिघडवता येत होता. उपाय ५.१९ मध्ये आला: इंटेलवर जुनं महाग आयबीआरएस परत, एएमडीवर रिटर्नच्या वाटेला 'अनट्रेन' करणारा तुकडा. शोधनिबंधात या दुरुस्तीचा भार एएमडीवर १४ तर इंटेलवर ३९ टक्क्यांपर्यंत मोजला होता.

स्कायलेकवाल्यांसाठी ६.२ मध्ये हलका पर्याय आला. कर्नल कॉलची खोली मोजत राहतो आणि आरएसबी रिकामी होण्याआधी भरतो. हा आपोआप लागत नाही, बूट पर्यायात 'रेटब्लीड=स्टफ' लिहावं लागतं. सहाव्या ते आठव्या पिढीचा जुना थिंकपॅड वापरणाऱ्यांनी जरूर करून पाहावं.

१०. एमडीएस, झोंबीलोड, रिडल, डाउनफॉल... ही नावं संपतच नाहीत. सगळी वेगळी आहेत का?

एमडीएस हे मे २०१९ च्या कुटुंबाचं नाव, झोंबीलोड, रिडल आणि फॉलआउट ही त्यातली भावंडं. इथे कॅश फक्त निरोप्या आहे. गळती होते ती प्रोसेसरच्या आतल्या लहान बफरांतून: स्टोअर बफर, फिल बफर, लोड पोर्ट. हल्लेखोराला पत्ता निवडता येत नाही, जे हाती लागेल ते लागेल, पण चिकाटीने चाळलं तर पासवर्डही लागतो.

उपाय मजेशीर आहे. 'व्हीईआरडब्ल्यू' ही एक जुनी, कुणी न वापरणारी सूचना होती. नव्या मायक्रोकोडने तिला जास्तीचं काम लावलं: बफर पुसणं. कर्नल युजरकडे परतताना ती चालवतो. मायक्रोकोड नसेल तर ती फक्त जुनं निरर्थक काम करते, म्हणून प्रश्न ४ मधली ती 'अटेम्प्टेड' ओळ.

डाउनफॉल वेगळं. ऑगस्ट २०२३, इंटेलच्या सहाव्या ते अकराव्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर, 'गॅदर' या वेक्टर सूचनेतून गळती. दुरुस्ती पूर्णपणे मायक्रोकोडमध्ये आहे. मायक्रोकोड मिळतच नसेल तर 'गॅदर_डेटा_सॅम्पलिंग=फोर्स' हा पर्याय आहे, पण तो एव्हीएक्स हा वेक्टर सूचनांचा संचच बंद करतो. एव्हीएक्स आहे की नाही हे न विचारताच वापरणारे काही प्रोग्राम त्यानंतर कोसळतात. माझ्या मते घरगुती मशीनवर हा पर्याय नको.

११. हायपरथ्रेडिंग बंद करावं का?

एका कोअरवरचे दोन धागे कॅश आणि बफर वाटून घेतात. परतताना बफर पुसले तरी शेजारचा धागा त्याच क्षणी बघत असेल तर उपयोग नाही. एमडीएस आणि ऑगस्ट २०१८ चं एल१टीएफ (एल१ कॅशमधून होणारी गळती) यांचा बंदोबस्त हायपरथ्रेडिंग चालू असताना पूर्ण होत नाही, हे कर्नलची स्वतःची कागदपत्रंही सांगतात. ओपनबीएसडीने तर जून २०१८ मध्येच ते मुळात बंद करून टाकलं. लिनक्सने निर्णय तुमच्यावर सोडला.

मशीनवर तुमचेच प्रोग्राम चालत असतील तर चालू ठेवा. परक्यांची व्हर्च्युअल मशीन चालवत असाल आणि प्रोसेसर त्या काळातला इंटेल असेल, तर बंद करा किंवा कोअर शेड्युलिंग वापरा. ५.१४ पासून असलेल्या या सोयीने एका कोअरवर एका वेळी एकाच गटाचे धागे बसतात. बंद करण्यासाठी रीबूटची गरज नाही, '/सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू/एसएमटी/कंट्रोल' मध्ये 'ऑफ' लिहा. कायमचं करायचं तर बूट पर्यायात 'मिटिगेशन्स=ऑटो,नोएसएमटी'. हा पर्याय गरज असेल तिथेच एसएमटी बंद करतो, सरसकट नाही.

१२. या सगळ्याने मशीन किती मंदावतं?

एक आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. खर्च हद्द ओलांडण्याला लागतो. म्हणजे सिस्टम कॉल, इंटरप्ट, प्रोसेस बदल, व्हीएममध्ये ये-जा. लहान लहान पॅकेट हाताळणारा सर्व्हर किंवा सतत डिस्कला हात लावणारा डेटाबेस रडतो. व्हिडिओ एन्कोडिंग किंवा मोठं गणित बहुतेक वेळ युजर कोडमध्येच असतं, त्याला फारसं कळत नाही. अपवाद डाउनफॉलचा. तो वेक्टर सूचनांनाच झोंबतो, त्यामुळे तिथे उलट गणितवालेच रडतात.

दुरुस्ती फार ताणली तर काय होतं तेही एकदा दिसलं. २०१८ च्या अखेरीस ४.२० च्या तयारीत एसटीआयबीपी हा (जुळ्या धाग्याला उड्यांचा अंदाज बिघडवू न देणारा) उपाय सगळ्या प्रोसेसना सरसकट लावला गेला. वेग एवढा पडला की लिनस टोरवाल्ड्सनी स्वतः आक्षेप घेतला. मग तो मागणाऱ्या प्रोसेसपुरता मर्यादित झाला. ओळीत 'एसटीआयबीपी: कंडिशनल' दिसतं ते त्यामुळे.

१३. 'मिटिगेशन्स=ऑफ' टाकलं तर? सगळे यूट्यूबवर सांगतात.

या मशीनवर तुम्ही न लिहिलेला, न निवडलेला कोड चालतो का? या प्रश्नाच्या उत्तरावर सगळं ठरतं. ब्राउझर असेल तर उत्तर 'हो' आहे, कारण प्रत्येक पानाची जावास्क्रिप्ट हा परका कोडच. ब्राउझर स्वतःचे बंदोबस्त करतात, पण ते खाली कर्नल शाबूत आहे असं धरून. डेस्कटॉपवर बंद करू नका. चार फ्रेम जास्त मिळवण्यासाठी तर नकोच, कारण खेळांना बहुधा फरक पडत नाही.

बंद करणं रास्त आहे अशा जागाही आहेत. जाळ्यापासून तोडलेला गणनेचा क्लस्टर, ज्यावर एकाच गटाचे ठरलेले प्रोग्राम चालतात. किंवा चाचणीसाठीचं मशीन. तिथेही आधी स्वतःचं खरं काम दोन्ही स्थितींत चालवून मोजा. नव्या प्रोसेसरांवर फरक इतका कमी निघतो की बहुतेक जण पर्याय काढून टाकतात.

'ऑफ'ने सगळं जातं असंही नाही. स्पेक्टर १ साठी कोडमध्येच शिवलेले मुखवटे (प्रश्न १८) तसेच राहतात. पर्याय खरंच लागला का ते '/प्रॉक/सीएमडीलाइन' मध्ये पाहा. ग्रब या बूटलोडरची फाइल बदलून 'अपडेट-ग्रब' विसरणारे कमी नाहीत.

१४. सगळं बंद किंवा सगळं चालू, यामध्ये काही नाही का?

आहे. प्रत्येक त्रुटीला स्वतंत्र पर्याय पूर्वीपासून आहेत, पण ते डझनावारी झालेत आणि कुठला कशाला, हे लक्षात ठेवणं अशक्य. ६.१७ पासून हल्ल्याच्या दिशेने निवडता येतं: युजरकडून कर्नलवर, एका युजरकडून दुसऱ्यावर, गेस्टकडून (व्हर्च्युअल मशीनकडून) होस्टवर (ते चालवणाऱ्या खऱ्या मशीनवर), गेस्टकडून गेस्टवर आणि जुळ्या धाग्यांमधून. उदाहरणार्थ 'मिटिगेशन्स=ऑटो;नो_गेस्ट_होस्ट,नो_गेस्ट_गेस्ट', म्हणजे 'मी परकी व्हीएम चालवत नाही, बाकी राहू दे'. ग्रबच्या फाइलीत अर्धविराम असल्यामुळे अवतरण चिन्हांची काळजी घ्या. दिशेवर विचार करायला लावणारी ही रचना मला 'ऑन-ऑफ'पेक्षा कितीतरी शहाणी वाटते.

१५. माझं मशीन क्लाउडवर आहे. मला काय करायचंय?

होस्टची दुरुस्ती सेवादात्याची, तुमच्या गेस्टच्या आतली तुमची. गेस्टमधला एक प्रोसेस दुसऱ्यावर किंवा गेस्टच्याच कर्नलवर डोकावू शकतो, होस्ट कितीही शाबूत असला तरी. म्हणून गेस्टचा कर्नल ताजा ठेवा. मायक्रोकोड मात्र गेस्टमधून चढत नाही, ते पॅकेज तिथे टाकून काही होत नाही.

स्वतः केव्हीएम (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीनची सोय) चालवत असाल तर एक फसवी जागा आहे. होस्टवर मायक्रोकोड आहे, पण गेस्टला दिलेल्या सीपीयू मॉडेलमध्ये 'एमडी-क्लिअर' किंवा 'स्पेक-कंट्रोल' हे झेंडे नाहीत. गेस्टला वाटतं मायक्रोकोड नाही आणि तो 'व्हल्नरेबल' म्हणतो. मॉडेल 'होस्ट-पासथ्रू' करा किंवा झेंडे नावानिशी द्या. आणि गेस्ट आतून रीबूट करून भागत नाही, पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो.

१६. एएमडी घेतला तर सुटलो ना?

मेल्टडाउन, एल१टीएफ आणि एमडीएसपासून हो. स्पेक्टर १, २ आणि ४ (प्रश्न २०) तिथेही आहेत. रेटब्लीडचं प्रश्न ९ मध्ये आलंच. झेन २ ला जुलै २०२३ मध्ये झेनब्लीड निघालं, पुढच्याच महिन्यात झेन १ ते ४ ला इन्सेप्शन, आणि जुलै २०२५ मध्ये झेन ३ आणि ४ ला टीएसए. कंपनी बघून प्रोसेसर घेण्यापेक्षा त्याला बायोस आणि मायक्रोकोडचे अपडेट अजून मिळतात का ते बघून घ्या. लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळालेल्या जुन्या लॅपटॉपबाबत हा प्रश्न जास्त मोलाचा.

१७. रास्पबेरी पायला हे लागू आहे का?

पाय ३ ला नाही. त्यातला कॉर्टेक्स-ए५३ सूचना क्रमानेच चालवतो, या हल्ल्यांना लागते तेवढी लांब अंदाजी धाव तो घेत नाही. पाय ४ मधल्या कॉर्टेक्स-ए७२ ला स्पेक्टर आहे, मेल्टडाउन नाही. एआरएमवर स्पेक्टर २ चा उपाय अनेकदा कर्नलला फर्मवेअरकडे मागावा लागतो. फर्मवेअरने ती सोय दिली नसेल तर कर्नल कितीही नवा असो, ओळ 'व्हल्नरेबल'च राहते.

१८. मी ड्रायव्हर लिहितो. मला काय पाळावं लागेल?

युजरकडून आलेला आकडा अॅरेचा इंडेक्स म्हणून वापरत असाल, तर हद्द तपासल्यानंतर लगेच 'अॅरे_इंडेक्स_नोस्पेक' मधून तो काढा. हे मॅक्रो एक मुखवटा बनवतं: इंडेक्स हद्दीत असेल तर सगळे बिट एक, नसेल तर सगळे शून्य. मग इंडेक्सशी 'अँड'. एक्स८६ वर ते तुलना आणि उसन्यासकट वजाबाकी अशा दोन सूचनांत होतं. त्यात उडीच नाही, त्यामुळे फसवायला अंदाजही नाही. अट चुकीची धरून धाव पुढे गेली तरी इंडेक्स शून्यच होतो. तपासणी आणि मॅक्रो यांच्यामध्ये दुसरा कोड घुसवू नका, आणि मॅक्रोला तपासणीची जागा घेऊ देऊ नका. अशा जागा शोधणं सोपं नाही, 'स्मॅच' हे विश्लेषक संशयित जागा दाखवतं, पण त्यातल्या बऱ्याच खोट्या निघतात.

दुसरं: कर्नलच्या झाडाबाहेरचं मॉड्यूल रेटपोलीनशिवाय बांधलेलं असेल तर कर्नल लॉगमध्ये इशारा देतो आणि स्पेक्टर २ च्या ओळीला 'व्हल्नरेबल मॉड्यूल लोडेड' जोडतो. एका जुन्या बंद-स्रोत ड्रायव्हरमुळे सगळ्या मशीनची ओळ बिघडते.

१९. 'ईआयबीआरएस विथ अनप्रिव्हिलेज्ड ईबीपीएफ' असा इशारा येतोय.

साध्या युजरला कर्नलमध्ये ईबीपीएफ कोड (कर्नलच्या आत चालणारे छोटे प्रोग्राम) चढवायची मुभा आहे, आणि मार्च २०२२ च्या ब्रँच हिस्टरी हल्ल्याला नेमकं तेच हवं असतं. 'कर्नल.अनप्रिव्हिलेज्ड_बीपीएफ_डिसेबल्ड' हा सिस्कंट्रोल २ करा. १ केलात तर रीबूटपर्यंत परत उघडता येणार नाही, तेही चालेल. रूटची साधनं दोन्हींत चालतात.

२०. स्पेक्टर ४ ची ओळ 'मिटिगेशन' म्हणते, पण माझ्या प्रोसेसच्या स्टेटसमध्ये 'थ्रेड व्हल्नरेबल' आहे. कुठलं खरं?

दोन्ही. स्पेक्टर ४ मध्ये नुकती लिहिलेली किंमत सोडून मेमरीतली जुनी किंमत अंदाजाने वाचली जाते. या त्रुटीचा उपाय, एसएसबीडी, कर्नल सगळ्यांना लावत नाही. ज्याला हवा तो प्रोसेस 'पीआरसीटीएल' या सिस्टम कॉलने मागतो. वरची ओळ 'व्हाया पीआरसीटीएल' म्हणते ती एवढंच सांगते की मागितला तर मिळेल. ५.१६ च्या आधी 'सेककॉम्प' (सिस्टम कॉलवर बंधन घालणारी सोय) वापरणाऱ्या प्रोसेसना तो आपोआप लागायचा, म्हणून कर्नल बदलल्यावर कंटेनरमधले प्रोसेस अचानक 'व्हल्नरेबल' दिसू लागतात आणि थोडे वेगवानही होतात. एकाच प्रोसेसमध्ये परका कोड जेआयटीने चालवत असाल तर तो प्रोसेस सुरू होतानाच मागून घ्या. जुनं वागणं सगळ्यांना हवं असेल तर बूट पर्याय 'स्पेक_स्टोअर_बायपास_डिसेबल=सेककॉम्प'.

२१. लॉगमध्ये अशा हल्ल्याची खूण सापडेल का?

नाही.

२२. काल सगळं ठीक होतं. कर्नल अपडेट केल्यावर एक नवीनच फाइल आली आणि ती 'व्हल्नरेबल' म्हणते. अपडेट मागे घेऊ का?

घेऊ नका. त्रुटी कालही होती, कालच्या कर्नलला तिचं नाव माहीत नव्हतं. आधी मायक्रोकोड पॅकेजचा अपडेट आलाय का बघा, कर्नल आणि मायक्रोकोड वितरणांकडून नेहमी एकाच दिवशी येत नाहीत. मग '/प्रॉक/सीएमडीलाइन' मध्ये कुणी जुना 'ऑफ' विसरून ठेवलाय का पाहा. दोन्ही ठीक असूनही ओळ तशीच राहिली, तर त्या प्रोसेसरला कंपनीचा मायक्रोकोड आलेला नाही किंवा यायचाच नाही. मग प्रश्न १३ च्या उत्तराचं पहिलं वाक्य वाचा आणि ते मशीन कोणत्या कामाला ठेवायचं ते ठरवा.